सड्यावरचा मंगळ : कोकणात पाच दिवसांचा मंगळतळ कसा चालवायचा

अमेरिकेतल्या युटा राज्यात हँक्सव्हिल नावाच्या छोट्या गावाबाहेर, लाल टेकड्यांच्या वाळवंटात, मार्स सोसायटी या संस्थेचं 'मार्स डेझर्ट रिसर्च स्टेशन', म्हणजे मंगळावर राहण्याची तालीम करायचं केंद्र, २००१ पासून चालू आहे. सहा-सात जणांची तुकडी तिथे साधारण दोन आठवडे राहते. आठ मीटर व्यासाच्या दंडगोल दुमजली घरात झोपायचं, पाणी मोजून वापरायचं, सुकवलेलं अन्न भिजवून खायचं. दाराबाहेर पाऊल टाकायचं तर नकली अंतराळपोशाख चढवायचा आणि रोज संध्याकाळी अहवाल पाठवायचे. तिथे जायचं म्हणजे व्हिसा, विमानाचं तिकीट, वर मुक्कामाचं शुल्क. रत्नागिरी-राजापूर-देवगड पट्ट्यातल्या कॉलेजच्या पोरांना हे परवडणारं नाही. पण त्यांच्या दाराशी सडा आहे, म्हणजे जांभ्याचं उघडं, सपाट पठार.

सहा जण, पाच दिवस आणि आंब्याच्या बागेतला एक मांगर (बागेतलं साधं घर) एवढ्यावर असा तालमीचा मंगळतळ कसा चालवायचा, ते इथे सांगतो. कॉलेजचं विज्ञान मंडळ किंवा हौशी आकाशनिरीक्षकांचा गट हे सहज करू शकतो.

देखाव्यावर पैसे घालवू नका. जांभ्याचा कातळ मुळात लाल आहे आणि मंगळासारखाच तो लोहाच्या ऑक्साइडांमुळे लाल आहे. चंदेरी कापडाचे घुमट आणि थर्माकोलचं रॉकेट फोटोपुरतं ठीक. मंगळतळ खरा ठरतो तो पाच दिवस तुम्ही स्वतःला काय काय नाकारता त्यावर. आणि कोकणात नाकारायला सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे पाहुणचार. त्याकडे येतोच.

कधी आणि कुठे

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीची सुरुवात, एवढाच काळ धरा. पावसाळ्यात सडा हिरवागार आणि फुलांनी भरलेला असतो, म्हणजे मंगळ सोडून सगळं काही. मार्चपासून उकाडा सुरू होतो आणि मांगर आंब्याच्या पेट्यांनी भरतात. युटाचं केंद्रही उन्हाळ्यात बंद ठेवतात.

जागा पाहताना सातबारा आधी काढा. सड्यावरच्या जमिनी बहुधा सामायिक असतात. सातबाऱ्यावर भावकीतली वीस नावं आणि निम्मी मंडळी मुंबईला. गावातल्या एका काकांनी 'खुशाल करा' म्हटलं की झालं, असं समजू नका. लेखी परवानगी घ्या, ग्रामपंचायतीला पत्र द्या, पोलीस पाटलांच्या कानावर घाला. शेजारी वनखात्याची हद्द असेल तर तिकडे अजिबात फिरकायचं नाही.

बागमालकाला फवारणीचं वेळापत्रक विचारा. याच महिन्यांत मोहोरावर फवारण्या चालतात आणि वाऱ्यावर ते औषध थेट मांगरात येतं. फवारणीचा दिवस मुक्कामात येत असेल तर तारीख बदला. पोशाखातल्या पोरांच्या अंगावर कीटकनाशक उडावं इतका खरेपणा नको.

कातळशिल्पं असलेला सडा टाळावा, असं माझं स्पष्ट मत आहे. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. बरीचशी उघड्या कातळावर, कुंपणाविना आहेत. जड बूट घालून, पुढचं धड दिसत नसताना त्यांच्यावरून चालणारी सहा माणसं म्हणजे संकट. जवळपास शिल्प असेलच तर त्याभोवती पन्नास मीटरचा निषिद्ध पट्टा नकाशावर आखून घ्या. आणि फोटोसाठी रेषांवर खडू फिरवायचा नाही, ही ताकीद मंगळावर आणि पृथ्वीवर दोन्हीकडे लागू.

वाडीशी बोलणं

युटाच्या वाळवंटात चुकून कोणी फिरकत नाही. इथे पहिल्याच संध्याकाळी खालच्या वाडीतून एक आजी कळशीभर ताक घेऊन येतील आणि लांबूनच हाक मारतील, 'पोरांनू, जेवलात काय?' तिला 'आम्ही मंगळावर आहोत' सांगून परत पाठवणं कोणाच्याही जिवावर येईल.

म्हणून आठ-पंधरा दिवस आधीच वाडीत बैठक घ्या. देवळात पाच मिनिटं मागितलीत तरी पुरतं. पाच दिवस आम्हाला हाक मारू नका, काही आणून देऊ नका, सहाव्या दिवशी सगळ्यांनी चहाला या, असं सांगा. कोकणी माणसाला कारण पटलं की तो तुमच्यापेक्षा कडक राखण करतो. बागेत राखणीला नेपाळी दादा असतील तर त्यांना वेगळं भेटा. रात्री बॅटऱ्या घेऊन फिरणारे अनोळखी लोक त्यांनी चोर समजले तर चूक त्यांची नसेल.

मांगरापासून शंभर पावलांवर दोरी बांधा आणि पाटी लावा. पाटीवर तुमच्या 'पृथ्वी'चा फोन नंबर हवा. पृथ्वी म्हणजे राजापुरात किंवा रत्नागिरीत बसलेला तुमचा सातवा माणूस. जो काही पाहुणा, जी काही तक्रार, ती त्याच्याकडे.

मांगराचा तळ

मांगराची मोठी खोली राहायला, कोपरा स्वयंपाकाला, एक टेबल कामाला. पडवीला दोन्ही टोकांना जाड पडदे लावले की हवाकुलूप, म्हणजे आतली हवा बाहेर जाऊ न देणारी दुहेरी दारांची खोली, तयार. एका वेळी एकच पडदा उघडायचा आणि मध्ये पाच मिनिटं उभं राहायचं. युटातही दाब कमी-जास्त होतोय असं मानून तुकडी तशीच थांबते. पहिल्या दिवशी सगळे हसतात. चौथ्या दिवशी बाहेर विसरलेला स्क्रूड्रायव्हर आणायला पोशाख चढवणं, पाच मिनिटं थांबणं, परत येऊन पुन्हा पाच मिनिटं थांबणं असा अर्धा तास गेला की हत्यारं मोजून न्यायची सवय आपोआप लागते.

जादा तंबू ठोकणार असाल तर खुंट्या घरीच ठेवा, कातळात त्या जात नाहीत. दोऱ्या चिऱ्यांना, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडांना, बांधा. दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा सड्यावर अडायला काही नसतं, म्हणून प्रत्येक दोरीला दोन चिरे.

विजेसाठी तीनेकशे वॉटचं सौर पॅनेल, बॅटरी, चार दिवे, दोन लॅपटॉप, वॉकीटॉकी. फ्रीज नको. वायरिंग मात्र जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. हवाईच्या मौना लोआ ज्वालामुखीवरच्या हाय-सीज या अशाच मंगळ-तालमीच्या केंद्रात २०१८ साली आठ महिन्यांची मोहीम चौथ्याच दिवशी गुंडाळावी लागली होती, कारण एका सदस्याला विजेचा झटका बसून इस्पितळात न्यावं लागलं.

गॅस पेटलेला असताना खिडकी उघडी. मंगळावर खिडक्या उघडत नाहीत, आपण उघडायच्या. मांगराभोवती पंधरा-वीस फूट वाळलेलं गवत आधीच कापून काढा. सड्यावर वणवा लागला तर तो धावत येतो, म्हणून शेकोटी, बिडी-सिगारेट, उदबत्ती काहीही बाहेर नाही.

पाणी

हा भाग नीट केला नाही तर बाकीचं सगळं सहलीत जमा.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पिणं, जेवण आणि दात घासण्यासारख्या गोष्टींना माणशी दिवसाला साधारण पावणेचार लिटर पाणी धरतात. शिवाय मूत्र, घाम आणि श्वासातली वाफ धरून २०२३ साली तिथे ९८ टक्के पाणी परत मिळवल्याचं नासाने जाहीर केलं. आपल्याकडे ती यंत्रणा नाही आणि दमट हवेत पोशाख घालून घाम भरपूर गळतो. म्हणून माणशी बारा लिटर ठरवा: पाच पिण्याला, अडीच स्वयंपाकाला, उरलेले साडेचार हात, भांडी आणि ओल्या फडक्याने अंग पुसण्याला. सहा जणांचे दिवसाला बहात्तर, पाच दिवसांचे तीनशे साठ लिटर. टाकी पाचशेची घ्या. वरचे एकशे चाळीस लिटर राखीव. पिण्याच्या पाण्यात काटकसर करायची नाही. कापायचं ते शेवटच्या साडेचार लिटरमधून.

टाकी वीस लिटरच्या कॅनने भरा. प्रत्येक कॅन ओतला की बाहेरच्या पारदर्शक नळीवर मार्करने खूण करा. रोज रात्री आठ वाजता एकाने खूण वाचायची, दुसऱ्याने ताडायची, तिसऱ्याने वहीत लिहायची. एकाच माणसाकडे हे काम दिलं तर तिसऱ्या दिवशी आकडा अंदाजे पडायला लागतो.

आंघोळ पाच दिवसांत एकदा, दोन लिटरमध्ये, ज्याची त्याने वार निवडून. हे पाणी त्या दिवशीच्या स्वतःच्या हिश्शातून जातं. विहिरीच्या पाण्याने सकाळ-संध्याकाळ मनसोक्त आंघोळ करणाऱ्या माणसाला हा नियम उपाशी राहण्यापेक्षा जड जातो, पैज लावून सांगतो.

सांडपाणी आणि मैला सड्यावर टाकायचा नाही. जांभा सच्छिद्र असतो. वर मुरलेलं पाणी खाली सड्याच्या पायथ्याला झऱ्यात आणि वाडीच्या विहिरीत उतरतं. खड्डा खणायला कातळावर मातीही नसते. घट्ट झाकणाच्या बादल्या, दर वापरानंतर वरून भाताचा तूस, आणि सहाव्या दिवशी सगळं खाली नेऊन मालकाच्या संमतीने सेप्टिक टाकीची सोय असेल तिथे रिकामं करायचं. हे काम कोणाकडे, ते निघण्याआधी लिहून ठरवा. नंतर कोणी पुढे येत नाही.

जेवण

ताजे मासे नाहीत. नारळ फोडायचा नाही. वाळलेलं, टिकाऊ, मोजलेलं एवढंच.

या बाबतीत कोकणी स्वयंपाकघर जगातल्या कोणत्याही अंतराळ संस्थेच्या बरोबरीला बसेल. कुळथाची पिठी, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, आमसुलं, सांडगी मिरची, पोह्याचे पापड, फणसपोळी. सोडे-सुकट नेण्याआधी मात्र सहाही जणांचं मत घ्या. बंद खोलीत सुकट भाजली की वास दोन दिवस उशीला असतो, आणि एकाने नको म्हटलं तरी नको.

पिठीचं गणित सांगतो. सहा जणांना दीड वाटी पिठी आणि साधारण दीड लिटर पाणी. तांदूळ धुवायचे असतील तर धुतलेलं पाणी फेकू नका, तेच पिठी कालवायला घ्या. पिठी आधी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग लसूण-मिरचीच्या फोडणीवर उरलेलं पाणी आणि दोन-तीन आमसुलं टाकून उकळी आली की त्यात सोडा आणि सतत ढवळा. हात थांबला की तळाला लागते, आणि लागलेलं पातेलं घासायला जे पाणी जातं त्यात एका माणसाचा संध्याकाळचा हिस्सा संपतो. भात आटवून करायचा. जेवल्यावर ताट भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने निपटून खायचं, मग फवाऱ्याच्या बाटलीने चार फवारे आणि फडकं.

बाहेर पडणं

याला सगळीकडे ईव्हीए (एक्स्ट्राव्हेइक्युलर अॅक्टिव्हिटी, म्हणजे यानाबाहेरचं काम) म्हणतात, तुम्हीही म्हणा. युटातल्या पोशाखांत दाब नसतो. पाठीवरच्या संचातले पंखे शिरस्त्राणात हवा खेळती ठेवतात, एवढंच. इथे बंद शिरस्त्राण वापरूच नका. दमट हवेत घाम सुकत नाही, अंग तापत जातं आणि माणूस चक्कर येऊन पडतो. सुती डांगरी, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, हातमोज्यांच्या दोन जोड्या, कपाळावर बसणारी कारखान्यातली पारदर्शक ढाल आणि पाठीवर सात-आठ किलोची पिशवी. हालचाल अवघडते, बोटं जड होतात, बाजूचं कमी दिसतं. हवं ते एवढंच. त्या पिशवीत वजन म्हणून पाणीच न्या.

वेळ सकाळी साडेसात ते दहा आणि दुपारी चार ते सहा. मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटांचा असतो म्हणून घड्याळही तसंच चालवू, अशी टूम कोणीतरी काढेलच. पहिल्या दिवशी सहाला उठणारी तुकडी पाचव्या दिवशी आठ अडतीसला उठेल आणि ईव्हीए बरोबर उन्हात सापडेल. ते सोडून द्या.

एकट्याने कधीही जायचं नाही. तिघे बाहेर, तिघे आत, आतला एक जण सतत वॉकीटॉकीवर. ४४६ मेगाहर्ट्झ पट्ट्यातले छोटे संच विनापरवाना चालतात. दर पंधरा मिनिटांनी हजेरी. आदल्या रात्री ईव्हीएचा अर्ज लिहायचा: कोण, कुठे, कशासाठी, किती वेळ, परतीची वाट. युटातही अर्ज मंजूर झाल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही.

दगड पायाने सरकवा, हाताने उचलू नका. या सड्यांवर फुरशी हे विषारी साप पुष्कळ आणि दगडाखाली विंचू. बूट घालण्याआधी रोज झटकायचे.

वीस मिनिटांचं संभाषण

पृथ्वी आणि मंगळ यांच्यात संदेश एका बाजूने जायला अंतरानुसार साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. आपण दहा धरू. म्हणजे प्रश्न विचारल्यापासून उत्तर यायला किमान वीस.

फोन सगळ्यांचे एका डब्यात, डबा मोहरबंद, फक्त एक आणीबाणीचा फोन चालू. संदेश एकाच लॅपटॉपवरून ईमेलने, आणि प्रत्येक ईमेल दहा मिनिटं पुढची वेळ लावून पाठवायचा. जीमेलमध्ये ही सोय आहेच. पृथ्वीनेही तेच करायचं. इंटरनेट फक्त याच कामाला.

यात खरी गंमत लिहिण्याची आहे. 'पंप चालत नाही, काय करू?' असं पाठवलं की वीस मिनिटांनी उत्तर येतं, 'फ्यूज पाहिला का?' तासाभरात तीन प्रश्न होतात आणि पंप तसाच. तेच असं लिहा: 'पंप बंद. बॅटरी १२.४ व्होल्ट. फ्यूज शाबूत. स्विच बदलून पाहिला, फरक नाही. आता वायर तपासतोय. १०:४० पर्यंत उत्तर आलं नाही तर पाणी हाताने काढू.' माहिती, केलेले उपाय, पुढचा बेत आणि वेळ, चारही गोष्टी एका दमात. ही सवय लागली तर कॉलेजच्या व्हॉट्सअॅप गटांचं भलं होईल, पण तेवढी आशा मी धरत नाही.

काम काय करायचं

नुसतं राहून भागत नाही. रिकामी तुकडी भांडते. दोन कामं सुचवतो.

पहिलं दिशेचं. मंगळाला पृथ्वीसारखं सर्वव्यापी चुंबकीय क्षेत्र नाही, त्यामुळे तिथे होकायंत्र निरुपयोगी. कोकणातही त्याची चुणूक मिळते. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे इथल्या सड्यावर कातळशिल्पाजवळ सुई भरकटते, हे प्रसिद्धच आहे. तेव्हा सूर्यावरून दिशा काढा. मीटरभर काठी ओळंब्यात उभी करा. सकाळी साडेनऊला सावलीच्या टोकाला खडा ठेवा आणि सावलीची लांबी मोजा. जानेवारीत आपल्याकडे सूर्य पावणेएकच्या सुमारास माथ्यावर येतो, म्हणून दुपारी चारच्या आसपास सावली पुन्हा तेवढ्याच लांबीची होते. तिथे दुसरा खडा. दोन खडे जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम. मग होकायंत्राशी ताडून फरक लिहा आणि सड्यावर पाच-सहा ठिकाणी हेच करा.

दुसरं जांभ्याचं. बेसॉल्ट लाखो वर्षं पावसाने धुपत, झिरपत जांभा झाला. मंगळाचा पृष्ठभागही बेसॉल्टचाच, पण आज तिथे वातावरणाचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी आणि पाऊस नाही. तरी २०२१ साली जेझिरो विवरात उतरलेल्या नासाच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरला केओलिनाइट (एक पांढरं चिकणमातीचं खनिज) असलेले फिकट दगड दिसले, आणि केओलिनाइट हे भरपूर पाण्याने खडक धुपल्याचं लक्षण. जांभ्याखाली लागणारी शेडी, म्हणजे पांढरी मऊ माती, पाहिलेल्याला हे लगेच उमगेल. हातोडा न चालवता, सुट्या दगडांवर काम करा: रंग, छिद्रं, वजन, फोटो, जागेची नोंद. एक लिटर पाणी कातळावर बसवलेल्या गोल कड्यात ओतून किती वेळात मुरतं तेही मोजता येईल, पण ते एक लिटर कोणाच्या हिश्शातलं? हा वाद तुकडीत होऊ द्या. प्रयोगापेक्षा तो जास्त शिकवतो.

माणसं

युटातली पदं जशीच्या तशी घ्या: कमांडर, उपकमांडर, अभियंता, आरोग्य आणि सुरक्षा, वैज्ञानिक, वार्ताहर. कमांडर सगळ्यात हुशार असण्याची गरज नाही; ज्याचं 'नाही' सगळे ऐकतात तो हवा. भांडी घासणं आणि बादली यांची पाळी कमांडरलाही चुकत नाही. जिवलग मित्रांची सहाची टोळी नेऊ नका, त्यांना आपसात तक्रार करता येत नाही.

सिम (सिम्युलेशन, म्हणजे मंगळाची तालीम) कधी तोडायचं

'खरं खरं' हा परवलीचा शब्द ठरवा. तो कानावर पडला की त्या क्षणी मंगळ संपला: ढाल काढा, पडदे फाडा, फोन लावा. तो शब्द का उच्चारलास, असं कोणी कोणाला विचारायचं नाही.

फुरसं चावलं तर पाय हलवू न देता माणसाला आडवं ठेवा. आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं यातलं काहीही नको. १०८ ला फोन आणि थेट सर्पदंशाची लस असलेलं रुग्णालय. ते कुठलं, तिथे लस आहे का, रात्री वाट कशी आहे, हे निघण्याआधी स्वतः जाऊन विचारा आणि पत्ता भिंतीवर लावा. लाल विंचवाच्या दंशावर प्रॅझोसिनचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी पुढे आणला आणि कोकणातल्या कित्येकांचे प्राण त्याने वाचले. पण गोळी डॉक्टरांनीच द्यायची. दंश झाला की घाम, उलटी, हात-पाय गार पडण्याची वाट न पाहता निघायचं. गाडी पाचही दिवस दोरीच्या बाहेर उभी हवी, किल्ली दाराजवळच्या खिळ्याला.

आवरताना

सहाव्या दिवशी पडदे काढण्याआधी प्रत्येकाने एकट्याने बसून दोन पानं लिहायची: काय बिघडलं, कशाचा राग आला, कोणता नियम फालतू वाटला. बोलणं त्यानंतर. आधी बोललं की सगळ्यांच्या पानांवर कमांडरचंच मत उतरतं.

मग टाकीचा शेवटचा आकडा वहीत लिहा, चिरे होते त्या जागी परत लावा, बादल्या खाली न्या, दोऱ्या-पाट्या काढा आणि कागदाचा कपटा राहिला नाही ना हे पाहायला सड्यावरून एका ओळीत चालत जा. वाडी चहाला येणार आहे. दूध आणायला पृथ्वीला आदल्या रात्रीच सांगून ठेवा.